शेपटाच्या मागे

ता. ३, रविवार

ताई म्हणाली म्हणून ही वही. "तुझं बूड कुठे टिकत नाही, निदान कुठे कुठे होतास ते तरी लिहून ठेव," म्हणाली. सातवीनंतर हातात पेन धरलेलं नाही, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. असू दे, कोण वाचणार आहे.

काम सांगतो. शहरातले लोक सुट्टी काढून येतात आणि आठवडाभर सायकलवरून द्राक्षमळ्यांतून फिरतात. गावं जुनी. दर गावात एक वेस, एक घंटेचा मनोरा आणि एक वाइनचं तळघर. लोक वेशीला हात लावून "अहाहा" करतात, मनोऱ्याचे फोटो काढतात आणि तळघरात शिरले की बाहेर यायचं नाव घेत नाहीत. सगळ्यांच्या पुढे बाई असतात, या धंद्याच्या मालकीण. सामान गाडीतून जातं, गाडी भोंगा चालवतो. हे नाव मी ठेवलेलं नाही. हळू बोलणं म्हणून काही असतं हे त्याला ठाऊकच नाही. आणि सगळ्यांच्या शेवटी मी. मला शेपूट म्हणतात.

शेपटाचं काम असं. सकाळी सायकल भोंग्याच्या गाडीत टाकून पुढे जायचं. जिथे रस्ता फुटतो तिथे उतरून दगडावर नाहीतर भिंतीवर खडूने बाण काढायचा. शेवटचा बाण झाला की गाडी मुक्कामाच्या गावी जाते आणि मी सायकलवर उलटा मागे, पाहुणे भेटेपर्यंत. मग सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचं, जो शेवटी असेल त्याच्या मागे लागायचं आणि जाताना एकेक बाण ओल्या ब्रशने पुसत जायचं. गावकऱ्यांना त्यांच्या जुन्या दगडांवर खुणा नको असतात. बाईंचा एकच नियम: शेपटाच्या मागे कुणी नसतं. मी पुसला की रस्ता मिटला.

मागच्या फेरीत घोळ झाला. एक मॅडम फोटो काढायला मळ्यात शिरल्या होत्या. मला वाटलं गेल्या पुढे, मी बाण पुसला. त्या पोचल्या भलत्याच गावात. भोंगा गाडी घेऊन हाका मारत फिरला, चार गावांना कळलं. बाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडत नाहीत तेव्हाच भीती वाटते.

आणि आज जेवताना म्हणाल्या, "उद्या एक वयस्कर गृहस्थ येतायत. ते शेवटी राहतील, तुझ्याबरोबर. काही विचारलं तर नीट सांग. घाई करू नकोस." भोंगा ताटात बघत बसला. भोंगा गप्प म्हणजे पाणी मुरतंय. माझ्या लक्षात आलं. माझ्यावर माणूस बसवलाय.

बाबांनी ताईला सांगितलंय, महिनाभर टिकला तर मिशी उतरवीन. गॅरेज, बेकरी, बोटीवरचं काम, सगळीकडून मी आपणहून निघालो असं मी घरी सांगतो. दोन ठिकाणी काढलं. येत्या शनिवारी इथे महिना होतो. त्यानंतर वाटलं तर जाईन, पण माझ्या पायांनी. कुणी काढायचं नाही.

माझी खोली सायकलींच्या शेडच्या वर. खाट दुमजली आहे, वर जुने टायर, खाली मी. आडवा झालो की डोक्यावरच्या फळीवर कुणीतरी पेन्सिलीने काढलेली गाडी दिसते. भोंग्याचीच असणार, पण टपाला उतार दिलाय आणि खिडकीला पडदे. आधी इथे राहणाऱ्याने काढली असेल. पान्यांची गुंडाळीही त्याचीच राहिलीय, जाड कापडाची, फार सोयीची. तो कोण होता असं भोंग्याला एकदा विचारलं तर म्हणाला, "झोप आता, पहाटे निघायचंय." माझ्यासारखाच असणार, बूड न टिकणारा.

ता. ४, सोमवार

आला इन्स्पेक्टर. तोंडावर मी साहेब म्हणतो.

उंच, सडसडीत, साठीच्या पुढचा. बाकी पाहुणे चकचकीत तंग कपड्यांत, हा साध्या करड्या पँटमध्ये. पण पँट अशी बसलेली की पायडल मारताना कुठे चुणी नाही. सायकल मात्र झोकांड्या खात. म्हणाला, वर्षभर शिकतोय, आधी चाळीस वर्षं बसून काम केलं. बसून काम म्हणजे ऑफिस. झालं, इन्स्पेक्टरच.

निघताना बाई म्हणाल्या, "चढावर दमलात तर गाडी आहे."

"गाडी नको. शेवटच्या गावापर्यंत माझ्या पायांनी जायचंय मला. उशीर झाला तर होऊ दे."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर बाईंनी चार शब्द ऐकवले असते. याला फक्त मान डोलावली. आता सांगा.

मग दिवसभर चौकशी.

"पहाटे गाडीत थंडी वाजते का रे?"

"नाही, साहेब."

"खाऊन निघतोस की तसाच?"

"खाऊन." खोटं. खाण्यापेक्षा मी झोपतो.

"बाण काढताना गुडघे टेकतोस?"

हा काय प्रश्न झाला? "दगड कसा आहे त्यावर, साहेब. खाली असला तर टेकतो."

त्याने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "झिजलेत," म्हणाला. कपड्यांचीसुद्धा तपासणी.

दुपारी एकाची ट्यूब गेली. मी पान्यांची गुंडाळी उलगडली तर इन्स्पेक्टरने ती हातात घेतली आणि शिवणीवरून अंगठा फिरवत राहिला.

"ही कुणाची?"

"कंपनीची, साहेब. आधीच्याने ठेवलीय."

"कुठे उसवली नाही."

"कशी उसवेल? ज्याने शिवली त्याला अक्कल होती. पंधराच्या पान्याला पंधराचाच कप्पा, दहाच्याला दहाचा. मुठीत धरून हलवा, आवाज येणार नाही."

त्याने हलवून पाहिली. मग वळून नाक शिंकरलं. मळ्यात फवारणी झाली की पुष्कळांना त्रास होतो.

ता. ५, मंगळवार

आज तळघराचा दिवस. या गटात एक नवराबायको जोडसायकलवर आहेत. ती मागून म्हणते, "सगळं पायडल मीच मारतेय." तो म्हणतो, "मग मी काय हँडलला लोंबकळतोय?" तळघरातून बाहेर आल्यावर दोघंही पुढच्या सीटवर बसायला गेली. भोंगा इतका हसला की मनोऱ्यावरची कबुतरं उडाली.

इन्स्पेक्टर आत गेला नाही. माझ्याशेजारी पायरीवर बसला.

"तू नाही जात आत?"

"कामावर असताना? कधीच नाही," मी मोठ्याने म्हणालो. पहिल्या फेरीत एका पिंपामागे झोप लागली होती, ते त्याला कुणी सांगितलं असेल तर सांगू दे.

समोर एक पोरगी फरशीवर काहीतरी रेघोट्या मारत बसली होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "माझा मुलगा काहीही काढलं की त्याला खाली दोन चाकं काढायचा. झाडाला चाकं. मांजराला चाकं. एकदा आईचं चित्र काढलं, तिलाही चाकं. मास्तरांनी पट्टी मारली तरी चाकं काही सुटली नाहीत."

"हुशार दिसतोय. आता काय करतो?"

"सायकल चालवायचा."

"मग आता मोटार घेतली असेल," मी म्हटलं. तो हसला नाही. इन्स्पेक्टर लोकांना विनोद कळत नाही.

थोड्या वेळाने म्हणाला, "घरी फोन करतोस का?"

"रोज." हेही खोटं. ताई करते तेव्हाच बोलतो. बाबांशी तर आल्यापासून नाही.

"कुणाशी बोलतोस?"

"बाबांशी."

"काय बोलता?"

अडकलो. "हेच आपलं. हवापाणी."

"हवापाणी पुरतं," म्हणाला, आणि पुढे काही विचारलं नाही. पास झालो बहुतेक.

ता. ७, गुरुवार

काल लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज पाऊस.

इन्स्पेक्टरच्या पोटरीत गोळा आला. रस्त्याच्या कडेला आडवा पडला, ओठ पांढरे. मी बूट काढून पाय दाबला. बाई मागे आल्या. म्हणाल्या, "आज तरी गाडीत बसा. कुणी काही म्हणणार नाही."

"मीच म्हणेन ना," तो म्हणाला. "बाई, मी काय बघायला आलो आहे ते तुम्हाला माहीत आहे. बसून दिसत नाही ते."

म्हणजे तोंडानेच कबूल. माझ्यासमोर! बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि चालू लागल्या.

वेशीच्या कमानीखाली पाव खात थांबलो होतो. गप्पांच्या भरात माझी जीभ सुटली. "उतारावर मी ब्रेकला हात लावत नाही, साहेब. बाण काढून उलटा मागे येतो ना, तेव्हा रस्ता आपल्या बापाचा. हवेत असतो नुसता." बोललो आणि जीभ चावली. कुणापुढे बोलतोय मी!

त्याने पाव कागदात परत गुंडाळला.

"लाव," म्हणाला.

"काय?"

"ब्रेक. लावत जा."

"हो, साहेब."

"हो नको म्हणू. लावत जा."

आवाज वेगळाच लागला होता. कुठेतरी लिहिणार हा, बेफिकीर, नियम पाळत नाही. दोन दिवसांवर महिना आला आणि मी माझ्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

मुक्कामी पोचल्यावर त्याने माझी पँट मागितली. मला वाटलं चेष्टा. "दे रे इकडे," म्हणाला. खिशातून सुई काढली, दोरा काढला, करड्या कापडाचे दोन तुकडे काढले आणि खानावळीच्या पायरीवर बसून गुडघ्यांना आतून ठिगळं लावली. दोरा दाताने तोडला. बाहेरून टाका दिसत नाही. ऑफिसातल्या माणसाला हे कुठून येतं? बायको नसेल, स्वतःचं स्वतः करत असेल.

मी आभार मानले तर म्हणाला, "उशीर झाला." घड्याळात पाहिलं, फारसा काही उशीर झाला नव्हता.

ता. ८, शुक्रवार

ताईचा फोन. "उद्या महिना. बाबा रोज मिशीला तेल लावतायत, जणू निरोपच देतायत तिला. काढलं नाही ना तुला अजून?"

"मला कोण काढतंय?"

"मग बाबांशी बोल."

"उद्या बोलतो," म्हटलं. काढलं तर काय बोलू.

आज दिवसभर डोकं चालवलं. ब्रेकची गोष्ट पुसायची तर काहीतरी डोळ्यात भरेल असं काम दाखवायला हवं. आणि सापडलं. उद्याच्या शेवटच्या चढावर, जिथे रस्ता फुटतो तिथे गुरांचा दगडी हौद आहे, वर दगडाचं छप्पर. छपराखालच्या दगडावर एक जुना बाण आहे. खडूचा नाही, लाकडावर खुणा करतात त्या मेणखडूचा, निळा. वाकडातिकडा, खाली दोन शून्यं. कुणा आळशी माणसाने काढला आणि पुसलाच नाही. दर फेरीत मी त्याच्या शेजारी माझा बाण काढतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा घासायला घेतला होता तर भोंगा म्हणाला, "असू दे, चल, उशीर होतोय." तिथे कधीच उशीर होत नसतो. भोंग्याला कामाचा कंटाळा.

इन्स्पेक्टरला तो बाण दिसला तर म्हणेल, बघा, हे यांचं काम. उद्या चकाचक करतो.

ता. ९, शनिवार, दुपार

झालं! शेवटचं गाव. इन्स्पेक्टर पोचला, स्वतःच्या पायांनी. आणि माझंही बहुतेक जमलं.

सकाळी हौदापाशी उतरलो. सामान सरकलं होतं म्हणून भोंगा गाडीच्या पलीकडे दोर आवळत होता. चेन धुवायचा रॉकेलचा डबा आणि फडकं घेतलं आणि लागलो घासायला. मेण दगडाच्या रंध्रांत शिरलेलं. आधी बाण गेला, मग शून्यं. शून्यांना जास्त वेळ लागला, ती दाबून काढली होती. हाताची सालं निघाली, पण डाग ठेवला नाही. मग त्याच जागी माझा खडूचा बाण, सरळ, पट्टीने काढल्यासारखा. गाडीत बसूनच भोंग्याने विचारलं, "झालं का?" "झालं," म्हटलं. गाडी गेली वर, मी उलटा खाली. आज ब्रेक लावत.

चढ दोन तासांचा, इन्स्पेक्टरला चार लागले. अर्ध्यावर मी त्याच्या पाठीला हात लावून ढकलायला गेलो, मला वाटलं झिडकारेल. नाही झिडकारलं. पाठ घामाने भिजलेली, हाडं हाताला लागत होती. हौदाच्या खाली एक वळण आहे, सपाट, तिथे उतरायचं काही कारण नाही. तिथे तो उतरला. सायकल माझ्याकडे दिली आणि वळण चालत गेला, कडेकडेने, एक हात कठड्यावर ठेवून. मध्येच थांबला. खालून द्राक्षं भरलेला ट्रॅक्टर आला, तो जाईपर्यंत डोळे मिटून उभा. धुळीने असेल.

हौदापाशी बाई थांबल्या होत्या. बाकीच्यांना पुढे पाठवून एकट्याच हौदाच्या काठावर, तोंड दुसरीकडे. डोळे लाल. आमची वाट बघून कावल्या असतील.

इन्स्पेक्टर थेट दगडाशी गेला. खडूचा बाण पाहिला. मग हौदाच्या मागे जाऊन पाहिलं, वाकून खाली पाहिलं, पुन्हा समोर आला.

"इथे अजून एक बाण होता का रे?"

"होता, साहेब! जुना. किती दिवसांचा कोण जाणे, कुणी लक्षच दिलं नाही. आज रॉकेलने घासून काढला. बघा, डागसुद्धा नाही."

त्याने दगडावर तळहात ठेवला. मग बोटं नाकाशी नेली.

बाई म्हणाल्या, "मला कल्पना नव्हती. मी सांगायला हवं होतं." मला नाही, त्याला म्हणाल्या. कुणी न सांगता मी काम केलं याचं त्यांना आश्चर्य वाटलं असेल.

"चांगलं घासलंस," इन्स्पेक्टर म्हणाला. "काम नीट करतोस."

मी म्हटलं, सुटलो.

मग तो हौदाला टेकून खाली बसला. पुष्कळ वेळ बसला. मी माझा खडूचा बाण ओल्या ब्रशने पुसला, तेव्हा त्याने तोंड फिरवलं. चढ झेपला नसणार.

संध्याकाळी बाबांना फोन करतो. मिशी काढा म्हणतो.

त्याच दिवशी, परतल्यावर

फोन केला नाही.

सायकली गाडीवर चढवत होतो. भोंगा म्हणाला, "रॉकेलचा डबा रिकामा कसा?" म्हटलं, "हौदावरचा तो घाणेरडा बाण काढला."

त्याच्या हातातला दोर सुटला. मला वाटलं आता गावभर आवाज जाईल. तर तो हळू बोलला. त्याला हळू बोलता येतं.

"पाऊस होता रे त्या दिवशी. खडू लागेना म्हणून तुझ्या आधीच्या पोराने माझ्याकडून मेणखडू घेतला. बाण काढला, खाली त्याची चाकं काढली, मला हात केला आणि निघाला उलटा. मी गाडी घेऊन वर गेलो. त्या वळणावर ट्रॅक्टर वर येत होता. तो बाण पुसायला त्याच्यामागून कुणी आलंच नाही."

मी विचारलं, आणि साहेब?

"कसला साहेब? शिंपी आहेत ते. त्याचे वडील. तो बाण बघायलाच आले होते. मीच मागे फोनवर सांगितलं होतं त्यांना की पोराचा बाण अजून आहे. म्हणून वर्षभर सायकल शिकले, या वयात. पोराने जसा रस्ता पार केला तसा करायचा म्हणाले."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"आधी बाई म्हणाल्या, नवीन पोराला घाबरवू नका. मग म्हातारबाबा म्हणाले, सांगू नका. कळलं तर तो दाखवायला म्हणून काम करेल. मला तो रोज करतो तसंच बघायचंय."

दाखवायला म्हणून. मी आठवडाभर दुसरं काय केलं?

तो वळणावर डोळे मिटून उभा होता. मी लिहिलंय वर, धुळीने असेल. ते पान फाडणार होतो. नाही फाडत. असू दे.

डोक्यावरची फळी दिसतेय. ती गाडी नाही. घर आहे, त्याला चाकं.

ता. १०, रविवार

सकाळी पाहुण्यांना न्यायला बस आली. त्याचे वडील बॅग घेऊन शेडच्या दारात उभे होते. मी गेलो. काल झोपेतसुद्धा जुळवाजुळव केली होती काय बोलायचं त्याची. समोर गेलो तर एवढंच आलं:

"काका, जरा वर येता?"

साहेब नाही म्हटलं, त्यावरून त्यांना कळलं असणार. शिडी चढताना माझा हात धरला. खोली बघितली. खिडकी, खुंटी, टायर. मी खाटेकडे बोट दाखवलं, म्हटलं, "आडवं व्हावं लागेल." त्यांनी बूट काढले, शेजारी शेजारी नीट लावले, मोजे सारखे केले आणि माझ्या उशीवर डोकं ठेवलं.

मी खाली आलो. एक चाक घोडीवर चढवून फिरवत बसलो. चाक सरळच होतं.

बाई विचारत आल्या, बसवाला खोळंबलाय. मी वर बोट केलं. त्यांनी बसवाल्याला जाऊन काहीतरी सांगितलं, त्याने इंजिन बंद केलं. जोडसायकलवाली दोघं आज भांडली नाहीत.

ते उतरले तेव्हा मी पान्यांची गुंडाळी पुढे केली. "ही तुमची."

"पाने कशात ठेवशील मग?"

"बघीन कशातही."

"मापं त्यानेच सांगितली होती, फोनवर. आमचं बोलणं तेवढंच व्हायचं. त्याने दुकानात बसायचं नाकारलं तेव्हापासून मी धड बोलत नव्हतो. मग एकदा त्याने फोन करून सांगितलं, आठचा, दहाचा, पंधराचा, लांबी अमुक, जाडी अमुक. मी लिहून घेतलं. त्यालाही माहीत होतं अशी गुंडाळी बाजारात मिळते म्हणून. मलाही माहीत होतं." गुंडाळीची नाडी त्यांनी परत बांधली आणि माझ्या हातात दिली.

"फळी काढून देऊ? चार स्क्रू आहेत."

त्यांनी एकदा शिडीकडे पाहिलं. "नको. त्याने पडून काढलंय ते. भिंतीला लावलं तर तसं दिसायचं नाही."

"काका, तो बाण मी..."

"तुझं कामच आहे ते."

म्हणाले, पण माझ्याकडे बघून नाही म्हणाले. बसच्या पायरीवर चढताना एकदा माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, टाके धरलेत का ते. मग बस गेली.

दुपारी घरी फोन लावला. बाबांनीच उचलला.

"मी बोलतोय."

"कोण मी?"

"मीच."

"काढलं का?"

"नाही. महिना झाला काल."

"काढायला लागणार म्हणजे मिशी."

"राहू द्या."

"नाही, बोललो ते बोललो."

"बाबा, मी लहानपणी चित्रात काय काढायचो?"

"तू? तू बसायचास कुठे चित्रं काढायला? खडू दिला की खायचास." हसले. मीही हसलो.

"हवा कशी आहे तिकडे?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. गुरुवारी पाऊस झाला."

"इकडे नाही अजून."

"हं."

"हं," म्हणाले. बराच वेळ कुणी फोन ठेवला नाही.

ता. १६, शनिवार

नवा गट. आज पुन्हा हौद.

घासलेली जागा बाकी दगडापेक्षा पांढरी पडलीय. बाणापेक्षा मोठी आहे. मला वाटलं होतं डागसुद्धा राहिला नाही.

भोंगा उतरून माझ्या मागे उभा राहिला. मेणखडू पुढे केला, निळा. "काढ. खाली चाकं काढ. मी बाईंना सांगतो, कुणी पुसणार नाही."

मी खडू हातात घेतला. काढता आली असती, दोन शून्यं तर आहेत. पण मी काढली की ती माझी होणार, आणि कुणाला फसवायचं त्याने? परत दिला. गुडघे टेकले आणि साध्या खडूने माझा बाण काढला. ठिगळांमुळे दगड टोचत नाही.

उलटा खाली आलो तो ब्रेक दाबून, पूर्ण रस्ता. ब्रेक इतके किंचाळत होते की मळ्यात द्राक्षं तोडणाऱ्या बायका माना वर करून हसल्या.

चार वाजता शेवटचा पाहुणा हौदाच्या पुढे गेला. वर गावातली घंटा वाजत होती. मी ब्रश पाण्यात बुडवला. सगळे पुढे गेलेत हे मी तीनदा मोजलं होतं. शेपटाच्या मागे कुणी नसतं, हे मला आता कुणी सांगायला नको.

तरी ब्रश हातात धरून मी वळलो आणि खाली वळणाकडे बघत थांबलो. ब्रशमधलं पाणी गळून गेलं. मग पुन्हा बुडवला आणि पुसला.